कढईचे चरबीवर ट्रॅक्टर चालविला, ती मार्गिलानची हकीकत

ज्याचे आज्ञेनें सूर्य उगवतो, बर्फ वितळतें आणि तेल पाण्यावर तरंगतें, त्या परवरदिगारास आधीं मुजरा करोन, फर्गाना खोऱ्यांतील मार्गिलान शहरीं, तुतीबाग नामें महल्ल्यांत, गेल्या वसंतीं जें थोर रण माजलें त्याची साद्यंत कैफियत येथें लिहिली जाते. पूर्वीं कोणी तख्तासाठीं लढले, कोणी मुलखासाठीं लढले, कोणी नुसत्या मिशीसाठीं लढले. परंतु खरकट्या चरबीसाठीं कंबर बांधोन मोहीम जाहली ऐसें कोणे तवारिखेंत आढळत नाहीं. लिहिणार महल्ल्याचा न्हावी. ज्याचे गळ्यावर वस्तरा टेकला आहे तो मनुष्य सहसा लटकें बोलत नाहीं, सबब पुरावा बळकट आहे.

त्या समयीं बाजाराचे नाक्यावर दोन दौलती समोरासमोर नांदत होत्या. एकीकडे पुलावाचे खानावळीचे धनी, देगबहाद्दर एर्गाश आका, म्हणजे एर्गाश दादा. ज्यांची देग इतकी थोर कीं आंत मेंढा उभा राहील, आणि पोट देगेस लाजवील. दुसरीकडे तळल्या माशांचे दुकानाचे धनी, मत्स्यधुरंधर होल्मत आका. अंगें काटकुळे, जीभ मात्र मासे चिरण्याचे सुरीहून पाजळलेली. हे दोघे एकेकाळचे जिवलग. पुढें एके लग्नांत, भर मांडवांत, होल्मत आकांनीं एर्गाश आकांचे पुलावाचा घास तोंडीं घातला आणि मोठ्यानें म्हटलें, "एर्गाश, तुझा भात म्हणजे अगदी सासरची माणसं रे! एकमेकांना धरून बसलीत, हलायला तयार नाहीत."

मांडव हंसला. एर्गाश आकांचे हातचा झारा तेथेंच गळाला, आणि त्या दिवसापासोन उभयतांचें बोलणें तुटलें, आणि एकानें खोकावें तर दुसऱ्यानें दार लावावें ऐसी अदावत पडली.

एके गोष्टींत मात्र दोघांचें एकमत होतें. ती गोष्ट ही कीं, दिवसाचे अखेरीस देगेचे तळची दुंब्याची, म्हणजे जाड शेपटीचे मेंढ्याची, चरबी आणि माशांचे कढईंतलें काळें सरकीचें तेल उभयतांनीं रस्त्याकडेचे पाटांत ओतावें. वर्षानुवर्षें ओतिलें. मग त्या वसंतीं डोंगरचें बर्फ वितळलें, पाटास जोराचें पाणी आलें, आणि पुलाखालीं चरबीचा जो पांढरा बुरूज जमला होता त्यानें तें पाणी अडविलें, आणि पाणी फिरलें तें थेट अक्सकल नेमत ओता यांचे अंगणांत शिरलें. अक्सकल म्हणजे महल्ल्याचे पांढऱ्या दाढीचे वडील कारभारी, आणि ओता म्हणजे बाबा. ते माच्यावर बसोन हिरवा चहा घेत होते. पाहतात तों त्यांचे जोडे फाटकाबाहेर कूच करीत आहेत.

नेमत ओतांनीं ओल्या पायांनींच दरबार भरविला आणि हुकूम सोडिला कीं, आजपासोन पाटांत चरबीचा थेंब पडेल तर ज्याचा थेंब त्याचे दुकानास कुलूप. मग दोन्हीकडे मागील दारीं पिंपें भरूं लागलीं, पिंपांवर माश्यांनीं ठाणीं बसविलीं, मांजरांनीं डेरे दिले, आणि ती घाण टाकावी कोठें हा पेंच पडला.

त्याच समयीं महल्ल्यांत दुसरी एक फौज उतरली होती, ती रेशमाचे किड्यांची. मार्गिलान अतलसाचें, म्हणजे रंगीत रेशमी वस्त्राचें, माहेर. वसंत आला कीं घरोघर किडे पाळितात. उपजतां पापणीचे केसाएवढे, पुढें करंगळीएवढे होतात, आणि शेवटचे भुकेस पेटले म्हणजे त्यांस खंड नाहीं. दाराबाहेर उभें राहिलें तर पत्र्यावर पाऊस पडतो ऐसा त्यांचे चरण्याचा आवाज येतो. त्या फौजेपुढें यजमानानें खोली सोडावी, आपण ओसरीवर निजावें, हळू बोलावें, कांदा चिरूं नये. कारण ह्या सरदारांस उग्र वास सोसत नाहीं.

ह्या फौजेच्या सरलष्कर रसायनविद्यापारंगत सआदत ओपा. शाळेंत मुलांस रसायन शिकवोन निवृत्त जाहल्या होत्या. सकळ महल्ला त्यांस ओपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणे. त्या सालीं शेजारच्या बायका किडे घेण्यास कचरत होत्या. ओपांनीं दारोदार जाऊन कौल दिल्हा: "घ्या गं बायांनो, पाल्याची काळजी माझ्यावर." त्या शब्दावर घरोघर तबकें लागलीं.

आणि मग दैव फिरलें. जवळच्या तुती ओरबाडून संपल्या. हिरवा पाला राहिला तो शहराबाहेर कालव्याचे कांठीं, जेथें गाढवानें जावें तर किडे तोंवर स्वर्गवासी व्हावे. महल्ल्यांत वाहन एकच, तुलकिन नामें जवानाचा निळा ट्रॅक्टर, ज्यास तो पहिलवान म्हणे आणि जो त्याचे बापाहून वयानें थोडाच लहान होता. परंतु कापसाचे पेरणीचे दिवस, डिझेल सगळें शेतांकडे गेलें, पंपावर कुलूप, आणि तुलकिन ट्रॅक्टराचे चाकास टेकोन सूर्यफुलाच्या बिया सोलीत बसलेला.

सआदत ओपांनीं एक फेरी पिंपांकडे मारिली, बोट बुडवोन हुंगिलें, आणि तडक तुलकिनचे छपरीं येवोन पुसिलें, "तुलकिन, तुझ्या ट्रॅक्टरला लागतं काय?"

"डिझेल लागतं, ओपा. आणि थोडी माया."

"माया तू कर. डिझेल मी करते."

"कशाचं?"

"त्या पिंपांतल्या घाणीचं."

तुलकिननें बियांचीं टरफलें थुंकिलीं आणि ट्रॅक्टरापुढें आडवा उभा राहिला. "ओपा, तुमच्या पाया पडतो. हा माणूस नाही, ट्रॅक्टर आहे. ह्याला पुलाव पचत नाही."

"नववीत शिकवलं होतं मी तुला. तेल, मद्यार्क आणि क्षार एकत्र आले की काय होतं?"

"नववीत मी खिडकीशी बसायचो, ओपा."

"म्हणून आज छपरात बसलायस. ऊठ!"

मग मसलत ठरली. फर्गाना शहरीं ओपांचा एक जुना विद्यार्थी रसायनांचे वखारीवर होता, त्याजकडोन मिथिल मद्यार्काचे कॅन आणि कॉस्टिक सोड्याचा डबा रीतसर पावती करोन आणविला. किड्यांस वास लागूं नये म्हणोन मोर्चा तुलकिनचे छपरांतच बांधिला. ओपांनीं रबरी हातमोजे चढविले, डोळ्यांस चष्मा लाविला, आणि फर्मान काढिलें कीं, तेल तापवावें तें आधीं; मग चुलीचा विस्तव बाहेर नेवोन विझवावा; मग मद्यार्काचें झांकण उघडावें; आणि ह्यांत जो चूक करील त्यानें थोबाड फुटण्याची तयारी ठेवावी. तुलकिननें कॅन हुंगोन पाहिला.

"ओपा, हे प्यायचं नाही ना?"

"प्यालास तर आंधळा होशील. रस्ता दिसणार नाही. म्हणजे तसा तो तुला आत्ताही दिसत नाही."

पहिली स्वारी होल्मत आकांचे तेलावर जाहली. होल्मत आकांनीं पिंपें देतां मोठा दिलदारपणा दाखविला; घाण परस्पर जाते ह्याहून मोठा नजराणा कोणता. परंतु त्या तेलांत माशांचें पाणी होतें, पिठाचा गाळ होता, आणि ओपांस किड्यांचे भुकेची घाई होती. तेल कोरडें केलें नाहीं, आंबटपण मोजिलें नाहीं, क्षार अंदाजें घातला. पिंप ढवळिलें, वाट पाहिली, आणि काठी आंत उभी राहिली ती उभीच राहिली. डिझेल न होतां पिंपभर साबण जाहला.

ती शिकस्त मोठी लाजिरवाणी. परंतु महल्ला काटकसरी, फुकटचा साबण कोण सोडतो? अवघ्यांनीं कापून नेला आणि कपडे धुतले, सतरंज्या धुतल्या, आणि नेमत ओतांनीं तर दाढी धुतली. दुसरे दिवशीं शहरांतील यच्चयावत मांजरें महल्ल्यांत दाखल. जो तो रस्त्यानें चाले आणि त्यामागें मांजरांची पलटण चाले. नेमत ओता मशिदींतून परतले ते काठी आपटीत ओपांचे दारीं आले.

"सआदत, बेटी, नमाजाला उभा राहिलो तर बाहेर जोड्यांपाशी मांजरांची रांग! इमामसाहेब मला म्हणतात, नेमत ओता, तुमचे मुरीद, तुमचे चेले वाढले."

ओपा ओशाळल्या, मग त्यांस हंसूं लोटलें, आणि मग त्या हंसतां हंसतां थांबल्या, कारण मागील खोलींत चरण्याचा आवाज पातळ पडत चालला होता.

दुसरी स्वारी एर्गाश आकांचे चरबीवर. होल्मताचे तेलाचा साबण जाहला हें ऐकोन देगबहाद्दर इतके खुष कीं त्यांणीं पिंपें स्वतां गडगडत आणिलीं आणि म्हणाले, "ओपा, माशाच्या तेलात कसलं आलंय बळ? हा दुंबा आहे, दुंबा! ह्याच्यावर विमान उडेल."

यावेळीं ओपांनीं घाई केली नाहीं. चरबी वितळवोन फडक्यांतून गाळिली, पाणी आटविलें, थेंबाथेंबानें आंबटपण तपासिलें, क्षार तराजूंत तोलिला, मद्यार्कांत विरघळवोन ऊन चरबींत सोडिला आणि ढवळिलें. मग पिंप उगें ठेविलें. तळीं काळा चिकट ग्लिसरिनाचा थर बसला, वर मधाचे रंगाचें तेल चढलें. तें काढोन पाण्यानें धुतलें, वाळविलें, आणि टळटळीत दुपारीं ट्रॅक्टराचे टाकींत ओतिलें. तुलकिननें डोळे मिटून खटका दाबिला. पहिलवान शिंकला, खाकरला, आणि एकदम गरजला! एकच जल्लोष जाहला. उदईक पहांटे कूच ठरलें.

परंतु त्या रात्रीं डोंगराकडोन गारठ्याचा पाऊस आला. सकाळीं तुलकिन निघाला तो छपरांतून कसाबसा बाहेर पडला, आणि दुंब्याची चरबी थंडी लागतांच आपल्या मूळ स्वभावावर गेली, नळींत गोठली, आणि ट्रॅक्टर मेला. मेला तोही कोठें, तर होल्मत आकांचे दुकानासमोर. होल्मत आका दारीं उभे राहोन हवेस उद्देशोन बोलिले, "वा! भातही चिकट, डिझेलही चिकट. घराण्याचा गुण आहे."

एर्गाश आकांनीं ऐकिलें. भर पावसांत ट्रॅक्टराचे मागें खांदा लावोन एकटेच ढकलूं लागले, आणि तो हलेना.

तो दिवस मोठा कठीण गेला. शेजारच्या बायका येवोन दारांत उभ्या राहत आणि परत जात. ओपांनीं कौल दिल्हा होता. कोणी तो मोडला म्हणेना, हेंच त्यांस अधिक लागलें. दुपारीं त्यांणीं आमचे न्हाव्याचे दुकानीं आरशापुढें बसोन पाणी मागितलें, अर्धा पियाला प्याल्या आणि म्हणाल्या, "सरकीचं तेल थंडीत लवकर गोठत नाही. दुंब्याचं गोठतं. सरकीचं जास्त, चरबी कमी, असं मिसळलं तर चालेल. पण एकट्या होल्मतकडे पुरेसं तेल उरलेलं नाही, आणि एकट्या एर्गाशची चरबी चालत नाही. दोघांचं मिसळायला हवं. आणि हे दोघे तर एका रस्त्यानं चालत नाहीत."

मग ओपांनीं वकिली आरंभिली. आधीं होल्मत आकांकडे गेल्या.

"माझं तेल त्याच्या चरबीत? त्यापेक्षा मासे उकडून विकीन मी!"

मग एर्गाश आकांकडे गेल्या.

"आधी त्यानं भाताची माफी मागावी. भर मांडवात मागावी. नवरानवरी तीच हवीत."

"त्यांना आता तीन पोरं आहेत, एर्गाश."

"पोरांनाही आणा."

तेव्हां ओपांनीं दोघांस रस्त्यावर बोलाविलें. एका हातानें ह्यांची बाही धरिली, दुसऱ्या हातानें त्यांची, आणि नेमत ओता काठी घेवोन मागें चालले, येणेंप्रमाणें दोघां सरदारांस कैद करोन किड्यांचे खोलींत नेवोन उभें केलें.

आंत कसलाही आवाज नव्हता. तबकांमागून तबकें, त्यांत नुसत्या शिरा उरलेल्या काड्या, आणि त्या काड्यांवर हजारों पांढरे किडे अर्धें अंग उचलोन, माना वर करोन, हळूहळू डोलत होते.

दोघांचा जन्म वाढण्यांत गेलेला. रिकामें ताट आणि भुकेलें तोंड एके जागीं पाहण्याची त्यांस संवय नव्हती. एर्गाश आका दबक्या आवाजांत म्हणाले, "हे असे वर काय बघतायत?"

"वाढायला कोण आलं, ते बघतायत," ओपा बोलिल्या.

मग होल्मत आकांनीं टोपी काढिली, फिरविली, परत घातली.

"एर्गाश. तुझा भात सुटा होता रे त्या दिवशी. दाणा दाणा वेगळा. जशा भांडलेल्या जावा."

"मग तसं का बोललास?"

"सगळे तुझंच कौतुक करत होते. माझ्या माशाकडे कुणी बघेना."

एर्गाश आकांनीं पोट खाजविलें, छताकडे पाहिलें. "मासा चांगला होता तुझा. मी तुकडे नानमध्ये गुंडाळून घरी नेले होते."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? बोलणं बंद होतं ना आपलं!"

नेमत ओतांनीं काठी आपटली. "गाढवांनो, बाहेर जाऊन रडा. किड्यांना ओल चालत नाही."

तह तेथेंच उंबऱ्यावर ठरला, तो ऐसा: कीं होल्मत आकांनीं कढईंतलें तेल सगळें द्यावें, आणि पुरतें न पडल्यास त्या दिवसाचे मासे लौकर तळोन तेंही तेल द्यावें, कीं एर्गाश आकांनीं चरबी हुकमाप्रमाणें द्यावी, अधिक देण्याचा आग्रह करूं नये, कीं मिश्रणाची मुखत्यारी ओपांकडे, आणि कीं कोणत्याही पक्षानें पाटाकडे वाकडी नजर करूं नये. उभयतांनीं छातीवर हात ठेवोन तह कबूल केला.

मग छपरांत तिसरी आणि निर्वाणीची स्वारी उभी राहिली. देगबहाद्दर ढवळण्यास बसले. असा हात कीं पिंपांत भोंवरा फिरे आणि थेंब बाहेर न उडे. मत्स्यधुरंधर गाळण्यास बसले. माशाचा काटा ज्याचे नजरेंतून सुटत नाहीं त्याचे नजरेंतून गाळ काय सुटणार. तुलकिन नळ्या धुवोन, फुंकोन, पुन्हा धुवोन बसवीत होता आणि ट्रॅक्टरास समजावीत होता, "बाबा, ह्या वेळी ऐक. ओपांनी मोजून केलंय." तयार जाहलेलें तेल ओपांनीं बाटलींत भरोन पाटाचे बर्फाळ पाण्यांत बुडवोन ठेविलें, आणि त्या स्वतां कांठावर बसोन राहिल्या. बाटली वर काढिली. ओपांनीं ती उलटी केली. तेल खळखळलें. ओपांनीं बाटली छातीशीं धरिली, आणि कोणाकडे न पाहतां म्हणाल्या, "भर टाकी."

पहिलवान एका खटक्यांत जागा जाहला आणि निळा धूर सोडिता जाहला. त्या धुरांत तळल्या माशाचा वास होता, जिरें होतें, दुंबा होता, आणि मागें कोठें गाजराचाही भास होता. ट्रॉलींत बायका कोयते घेवोन चढल्या. होल्मत आका आणि एर्गाश आका सायकलींवर निघाले. पुढें नेमत ओता निशाणासारखी काठी धरोन ट्रॅक्टराचे चिखलपट्टीवर विराजमान जाहले. मागें मांजरांची फौज, शेपट्या उभारोन, कूच दर कूच. बाजारांतून स्वारी गेली तेव्हां लोक हातचें काम टाकोन बाहेर आले, कोणी पुसे, "कुठं जेवण आहे?" आणि एक गृहस्थ तर बशी घेवोनच मागें धांवले, त्यांस नाक्यापासोन समजावोन परत धाडावें लागलें.

कालव्याचे कांठीं तुती हिरव्यागार उभ्या होत्या. बायकांनीं कोयते चालविले, फांद्या कोसळल्या, आचाऱ्यांनीं भारे बांधिले, ट्रॉली ऐसी भरली कीं परतीस तींत बसलेले नेमत ओता पाल्यांत बुडाले आणि फक्त काठी दिसे. परतीस ऊन्ह कलतां गार वारें सुटलें. सगळे टाकीकडे पाहूं लागले. ट्रॅक्टर मध्येंच एकदां अडखळला, तुलकिननें त्याचे पाठीवर थाप मारिली, आणि तो पुन्हा चालूं लागला. महल्ल्याचे तोंडाशीं पोंचतां बायका उड्या मारोन उतरल्या, आणि कांखेंत भारे घेवोन जी ती आपल्या घरीं धांवली.

ओपांनीं आपले खोलींत पाला पसरिला आणि दाराशीं येवोन उभ्या राहिल्या. आधीं कांहींच नव्हतें. मग एक थेंब पडावा तैसा आवाज आला, मग चार, मग हळूहळू सगळ्या खोलीभर पाऊस लागला. शेजारचे घरीं लागला, त्यापलीकडचे घरीं लागला. ओपांनीं भिंतीस डोकें टेकविलें. "ऐका," येवढेंच म्हणाल्या, आणि पदरानें चष्मा पुसूं लागल्या, तो पुष्कळ वेळ पुसत राहिल्या.

पुढें पेरणी आटोपेपर्यंत पहिलवान त्याच तेलावर चालला. किडे पोटभर जेवोन काड्यांवर चढले आणि कोशांत गेले. ज्या दिवशीं अवघे महल्ल्यांतील चरणें थांबलें, त्या दिवशीं बायकांनीं ओपांचे खांद्यावर नवा अतलस घातला. ट्रॅक्टराचे बोनेटावरही एक पट्टी बांधिली. तुलकिनास कांहीं मिळालें नाहीं; तो म्हणाला, "पहिलवानाला मिळालं ते मलाच मिळालं."

येणेंप्रमाणें तुतीबाग महल्ल्याची फत्ते जाहली: चरबीचा बुरूज जमीनदोस्त, पाट मोकळा, किडे सलामत, ओपांचा शब्द कायम. जें घडलें तें लिहिलें, पदरचा मसाला थोडा घातला, तितका पुलावासही लागतो. उभय सरदारांचें म्हणाल तर अदावत समूळ मिटली ऐसें लिहितां येत नाहीं. धुरास जो वास येतो तो माशाचा कीं पुलावाचा, ह्यावर नवें युद्ध पेटलें आहे. ट्रॅक्टर निघाला कीं दोघे दुकान सोडोन त्यामागें चालतात, नाकें वर करोन हुंगतात, हातवारे करोन भांडतात, आणि ऐसे भांडत भांडत कालव्यापर्यंत जावोन, तेथें एकाच नानचे दोन तुकडे करोन खातात, आणि भांडतच परत येतात. इति.